पाव इंच जास्त

१

शेवटचा साधा दिवस बुधवार होता, आणि त्यात लक्षात ठेवण्यासारखं काहीच नव्हतं. हेच दीपाला पुढं छळत राहिलं. तिनं तो दिवस मनात कितीदा उलटून पाहिला, पण त्याच्या कोणत्याही घडीत काही लपलेलं सापडलं नाही.

तिचे वडील भूपाल मगदूम नेहमीसारखे दिवस मावळायच्या आत घरी आले. सूर्यास्तानंतर त्यांच्या घरात कुणी जेवत नसे. हातपाय धुऊन ते पाटावर बसले. त्यांची थोरली बहीण, जिला सगळं घर आक्का म्हणायचं, तिनं भाकरी आणि मुगाची आमटी वाढली. आमटीत मीठ कमी होतं. भूपालअप्पांनी ते सांगितलं नाही, फक्त मिठाच्या वाटीकडं हात नेला, आणि आक्का म्हणाली की तीस वर्षं कंपनीत राहून या माणसाला तक्रार करायचीसुद्धा अक्कल आली नाही.

"झाली बघ बासष्ट," अप्पा दीपाला म्हणाले. "सगळी टेंपोत चढवली. दोऱ्या बाळूनं बांधल्यात, म्हंजे आता भूकंप झाला तरी हलायची न्हाईत."

बासष्ट म्हणजे चित्रं. सह्यकिरण इंजिन वर्क्सचे जुने मालक दादासाहेब खर्डेकर कोल्हापूरच्या चित्रकारांची चित्रं विकत घ्यायचे आणि दरवर्षी त्यातल्या एकावरून कंपनीचं कॅलेंडर छापायचे. इंजिन घेऊन जाणाऱ्या शेतकऱ्याबरोबर ते कॅलेंडर कागल-गडहिंग्लजपर्यंत घराघरांत जायचं. मूळ चित्रं मात्र कारखान्यातल्या एका खोलीत राहायची, आणि त्या खोलीची किल्ली भूपाल मगदूमांच्या कमरेला. त्यांचं अक्षर चांगलं म्हणून दादासाहेबांनी एका कारकुनाला चित्रांची नोंदवही दिली होती. त्या कारकुनानं चौकटी दुरुस्त करायला, मागचे कागद चिकटवायला, वाळवीपासून चित्रं सांभाळायला आपणहून शिकून घेतलं. दोन वर्षांपूर्वी दादासाहेब गेले आणि मृत्युपत्रात लिहून गेले की सगळीच्या सगळी चित्रं शहराच्या संग्रहालयाला द्यावीत. उद्या गुरुवारी ती तिथं पोचायची होती.

दीपा गडहिंग्लजच्या कॉलेजात ग्रंथपाल होती. समारंभासाठी तिनं दोन दिवसांची रजा काढली होती. उद्या चांगली साडी नेस, असं अप्पांनी तिला दोनदा सांगितलं. तिनं पुस्तकातून मान वर न काढता हं म्हटलं. मग अप्पा झोपायला गेले. एवढाच तो दिवस.

२

गुरुवारी संग्रहालयाच्या दालनात खोकी उघडायचं काम प्रसेनजीत सोनुले करत होता. तो तिथला अभिरक्षक, पस्तिशीचा, बोलण्यात मोजूनमापून. प्रत्येक चित्र नोंदवहीशी ताडून बघायचं, टेप लावून लांबी-रुंदी बघायची, मगच भिंतीशी टेकवायचं, अशी त्याची रीत. एक्केचाळीस चित्रं झाली. बेचाळिसावं होतं 'गुऱ्हाळाची सकाळ', जुन्या पिढीतल्या रामजी कुंभोजकरांचं तैलचित्र. संग्रहातलं सर्वांत गाजलेलं.

प्रसेनजीतनं टेप लावला, नोंदवहीत पाहिलं, पुन्हा टेप लावला. मग त्यानं चित्र उलटं केलं आणि बराच वेळ उलटंच धरून ठेवलं.

नोंदवहीत भूपाल मगदूमांच्या अक्षरात चोवीस बाय छत्तीस इंच लिहिलं होतं. हातातलं चित्र चोवीस इंचांच्या जागी पाव इंच जास्त भरत होतं, छत्तीसच्या जागी त्याहूनही थोडं जास्त. सोनेरी फ्रेम जुनीच होती, पण चित्र आत बसावं म्हणून तिची आतली कड पटाशीनं तासलेली होती. कापड नवं होतं, चहाच्या पाण्यानं जुनं दिसेल असं केलेलं.

हे मूळ चित्र नव्हे, असं प्रसेनजीत हळू आवाजात म्हणाला. सगळ्यांत आधी मान हलवली ती अप्पांनी. ते चित्राजवळ गेले, वाकून पाहिलं आणि म्हणाले, "व्हय. हे ते न्हवं."

दादासाहेबांचे चिरंजीव पृथ्वीराज खर्डेकर तिथंच उभे होते. त्यांनी शांतपणे विचारलं, किल्ली कुणाकडं असते. अप्पा म्हणाले, माझ्याकडं. मागच्या मे महिन्यात अप्पा आक्काला घेऊन सम्मेद शिखरजीच्या यात्रेला गेले होते, तीस वर्षांतली त्यांची एकमेव मोठी रजा. त्या तीन आठवड्यांत किल्ली ऑफिसच्या तिजोरीत होती. परत आल्यावर चित्रं कागदात बांधलेली होती तशीच त्यांनी ठेवली. यादीवर सही करताना उघडून पाहिलं नाही. तेही त्यांनी न विचारता सांगितलं.

पृथ्वीराज म्हणाले की पोलिसांत जायचं नाही. म्हातारा माणूस आहे, वडिलांच्या वेळचा आहे, शोभा नको. दालनातल्या सगळ्यांना ते मोठ्या मनाचं वाटलं. त्या दिलदारीनंच निकाल लागला. ज्याला माफ केलं तोच चोर.

घरी अप्पा तीन दिवस फारसं बोलले नाहीत. त्यांनी मी घेतलं नाही असंही म्हटलं नाही. ते फक्त दीपा खोलीत आली की तिच्याकडं बघायचे, आणि काहीतरी ऐकायची वाट पाहायचे.

'तुम्ही असं करणार नाही' हे दीपानं म्हटलं नाही. गेल्या दिवाळीत अप्पा तिला म्हणाले होते की एकसष्ट चित्रं देताना काही वाटणार नाही, पण गुऱ्हाळ द्यायला जिवावर येतंय. हातकणंगल्याजवळच्या त्यांच्या गावात, लहानपणी, अशाच एका गुऱ्हाळाच्या चुलवाणापुढं ते काकवीची वाटी घेऊन बसत असत. ते वाक्य तिच्या डोक्यात खिळ्यासारखं बसलं होतं. तिनं एवढंच विचारलं, की सही करण्याआधी का नाही बघितलं.

रविवारी दुपारी अप्पा खुर्चीत बसल्या बसल्या गेले.

३

दहा दिवसांनी प्रसेनजीत घरी आला. आक्कानं त्याला पाणी दिलं, आणि चोराच्या घरचं चालतं का, असं विचारलं. त्यानं पेला दोन्ही हातांनी घेतला आणि सगळं पाणी प्याला. मग पिशवीतून एक छापील कागद काढून दीपापुढं ठेवला.

तो संग्रहाच्या सूचिपुस्तकाचा कच्चा छापा होता. बेचाळिसाव्या क्रमांकाखाली एक ओळ होती: मूळ चित्र तत्कालीन देखभालकर्ते श्री. भूपाल मगदूम यांच्या ताब्यात असताना गहाळ.

ही ओळ आपण लिहिलेली नाही, विश्वस्तांनी घातली, असं त्यानं सांगितलं. कंपनीकडून तसा आग्रह होता. सोमवारी पुस्तक छापायला जाणार होतं. आज बुधवार.

दीपाची सगळी नोकरी छापलेल्या ओळींच्या संगतीत गेली होती. माणूस मरतो, त्याला ओळखणारे मरतात, आणि ओळ राहते हे तिला कुणी सांगायला नको होतं. पन्नास वर्षांनी एखादं पोरगं ते पुस्तक उघडेल आणि त्याच्या लेखी भूपाल मगदूम म्हणजे एवढंच असेल.

"तुम्हाला काय वाटतं?" तिनं विचारलं.

प्रसेनजीत म्हणाला की त्याला वाटण्याचा प्रश्न नाही. "त्या माणसानं माझ्या आधी कबूल केलं की चित्र खोटं आहे. चोर तसं करत नाही. पण हे मी विश्वस्तांना सांगितलं तर ते म्हणतील, हुशार चोर करतो."

दुसऱ्या दिवशी ती संग्रहालयात गेली. त्यानं चित्र टेबलावर पालथं घातलं. पाठीचा खाकी कागद कडेनं उचकटला होता. दीपा वाकली. तिला आधी वास आला, मग त्या वासाचा अर्थ कळला. तिनं बोटाचं टोक ओलं करून डिंकाच्या पिवळसर थरावर चोळलं. वास आणखी उग्र झाला.

तो सरस होता. जनावरांची हाडं आणि कातडी उकळून केलेला.

अप्पा पक्के जैन; त्यांनी उभ्या आयुष्यात सरसाला हात लावला नव्हता. बाकीच्या चित्रांचे कागद त्यांनी गव्हाच्या पिठाची खळ करून चिकटवले होते, तीही घरच्या पातेल्यात, आणि त्यावरून आक्काशी दर वेळी भांडण. दीपानं हे सांगितलं तेव्हा प्रसेनजीतनं लगेच दुसरी दोन चित्रं उलटी करून पाहिली. खळच होती.

मग तो खुर्चीत बसला आणि म्हणाला, "एवढ्यानं भागणार नाही. म्हणतील, दुसऱ्याकडून करून घेतलं."

"कोल्हापुरात सरस कोण वापरतं?"

चित्रकार वापरतात, तो म्हणाला, कापडाला पहिला हात द्यायला. आणि रामजी कुंभोजकरांची इतकी हुबेहूब नक्कल करू शकेल असा चित्रकार शहरात एकच उरला होता. अण्णासो. पण एक अडचण होती. अण्णासो आणि भूपाल मगदूम दहा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

४

अण्णासो शुक्रवार पेठेत एका माडीवर राहायचे. सिनेमाचे बोर्ड रंगवण्यात आयुष्य गेलेलं, आणि गेल्या काही महिन्यांत डोळेही जात आलेले. दीपा दारात उभी राहिली तेव्हा त्यांनी मान न वळवता विचारलं, "कोण पावणं?"

तिनं नाव सांगितलं. ब्रश धुण्याचा आवाज थांबला.

भांडण कशावरून झालं ते त्यांनी आपणहून सांगितलं. कंपनीच्या कॅलेंडरसाठी त्यांनी गाय काढली होती आणि भूपालनं चारचौघांत म्हटलं होतं की गाय लंगडी आहे. "लंगडी हुतीच ती," अण्णासो म्हणाले. "माझ्या दारात बांधलेली गाय, मी काय तिला पाय नवा देऊ?" ते हसले आणि लगेच गप्प झाले.

मग दीपानं चित्राचं विचारलं. तिला वाटलं होतं ते नाकारतील. पण ते सरळ म्हणाले की हो, मागच्या मे महिन्यात आपणच नक्कल केली. कंपनीच्या अतिथिगृहात लावायला पाहिजे असं सांगितलं होतं. एक अनोळखी टेंपोवाला मूळ चित्र आणि चौकटीवर ताणलेलं कोरं कापड घेऊन आला. पंधरा दिवसांनी दोन्ही घेऊन गेला. नक्कल करण्यात गुन्हा काय, खाली स्वतःची सहीसुद्धा बारीक अक्षरात केली होती. ती सही दालनात कुणाला दिसली नव्हती, कारण ती फ्रेमच्या कडेखाली गेली होती.

"काम कुणी सांगितलं?"

अण्णासो उठले. फळीवरच्या रंगाच्या डब्याखालून त्यांनी एक घडी घातलेली चिठ्ठी काढली. कंपनीच्या कागदावर टाइप केलेली, तारीख नाही, सही नाही. शेवटी नाव होतं: भूपाल मगदूम.

"मला वाटलं, नमला शेवटी," म्हातारा म्हणाला. "गाय विसरला. मी जीव वतून काम केलं बघ, पोरी. आणि मग ह्ये सगळं आइकलं. वाटलं, त्येनं मला वापरलं. म्हणून मी मातीला आलो न्हाय."

 दीपानं चिठ्ठी नीट घडी करून पर्समध्ये ठेवली. जिना उतरताना तिच्या मनात सगळं जुळत गेलं. यात्रेला जाण्याआधी चिठ्ठी टाइप करून द्यायची, स्वतः गावात नसताना काम उरकून घ्यायचं. तिनं वाचलेल्या कोणत्याही पुस्तकातल्या चोरानं असंच केलं असतं. आणि तिच्या वडिलांनी आयुष्यभर तिची सगळी पुस्तकं तिच्यामागून वाचली होती.

ती खालच्या पायरीवर होती, तेव्हा वरून अण्णासोंनी आणखी एक गोष्ट सांगितली. कुरकुर म्हणून. कापड मापात नव्हतं. मूळ चित्रापेक्षा थोडं मोठं. त्यामुळं दोन बैलांमधली जागा त्यांना वाढवावी लागली होती.

५

शुक्रवारी सकाळी ती प्रसेनजीतच्या टेबलाशी बसून राहिली. चिठ्ठी तिनं त्याला दाखवली होती. लपवायचा विचार एकदा येऊन गेला होता. त्यानं चिठ्ठी वाचून तिच्यापुढं परत ठेवली, आणि त्याच्या नजरेत तिला आपलीच शंका दिसली.

मग तिनं मापं पुन्हा मागितली. अगदी बारीक. त्यानं टेप लावला आणि सुतारांसारखी सुतात मापं सांगितली. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आडव्या छत्तीस इंचांना तीन सूत जास्त. उभ्या चोवीस इंचांना दोन सूत जास्त.

दीपानं ते कागदावर लिहिलं. तीन फुटांना तीन. दोन फुटांना दोन.

"ही चूक नाही," ती म्हणाली. चूक कुठंही आणि कितीही होते. ही दर फुटाला बरोबर एक सूत होती. चौकट करणाऱ्याचा हात चुकला नव्हता. त्याची फूटपट्टीच लांब होती.

तिनं उभ्या बाजूच्या लांबीची कागदाची एक पट्टी कापून घेतली आणि रिक्षा करून उद्यमनगरात, कंपनीच्या कारखान्यातल्या बाळासोंकडं गेली; अप्पा त्यांच्या या 'बाळू'कडूनच चित्रांच्या चौकटी करून घ्यायचे.

बाळासो कारखान्याच्या पॅटर्न शॉपमध्ये होते. लोखंड ओतण्याआधी त्या वस्तूचा लाकडी नमुना करतात, त्याला पॅटर्न म्हणतात. तो मातीत दाबायचा, काढायचा आणि पडलेल्या पोकळीत रस ओतायचा. चाळीस वर्षं बाळासो तेच करत होते, आणि तीस वर्षं भूपाल मगदूमांचा डबा त्यांच्या डब्याशेजारी उघडत होता. अप्पांच्या तिरडीचा पुढचा दांडा त्यांनी शेवटपर्यंत सोडला नव्हता.

कोपऱ्यात शेगडीवर सरसाचं भांडं रटरटत होतं. दीपानं जवळ जाऊन वास घेतला. तोच होता.

तिनं काही सांगितलं नाही. फक्त कागदाची पट्टी बाकावर ठेवली आणि त्यांची फूटपट्टी मागितली. ती दोन फुटांची पोलादी पट्टी होती, आकडे झिजलेले. तिनं कागद तिच्यावर लावला. एक टोक शून्यावर. दुसरं टोक बरोबर चोवीसवर, केसाचाही फरक नाही.

"ह्या पट्टीवर नको मोजू," बाळासो म्हणाले. "ही खोटी पट्टी हाय."

लोखंड थंड होताना आकसतं, त्यांनी समजावलं, फुटामागं एक सूत. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायला लागतो. दर वेळी कोण हिशेब करत बसणार, म्हणून पॅटर्नवाल्याची पट्टीच मुळात लांब असते. "घरची खुर्ची-टेबल करायची तर दुसरी पट्टी, ती बघ खुंटीला हाय. ही फकस्त वतायच्या कामाला."

"काका, मागच्या मे महिन्यात तुम्ही चोवीस बाय छत्तीसची चौकट केली होती?"

बाळासोंनी तिच्याकडं पाहिलं, मग कागदाच्या पट्टीकडं. त्यांना समजायला वेळ लागला, आणि समजलं तेव्हा त्यांनी आधी शेगडी विझवली.

केली होती, ते म्हणाले. इंजिन-घराच्या झरोक्याची चौकट म्हणून. तयार करून वर ऑफिसात दिली, ती ओतायला परत आलीच नाही. कामं अशी रद्द होतात, त्यामुळं मनात आलं नाही. सोबत सरस मागून नेला होता, तेही आता आठवलं.

"वर कुणाला दिली?"

पॅटर्न शॉपमध्ये कागदाशिवाय काम होत नाही. प्रत्येक कामाचा आराखडा येतो आणि काम झाल्यावर तो भिंतीवरच्या खिळ्यात अडकवतात. बाळासोंनी वरचे कागद एकेक बाजूला केले. मे महिन्याचा सापडला तेव्हा त्यांनी तो दीपाला दिला नाही. सही दिसेल असा नुसता धरला.

६

रविवारी सकाळी दालनात पाच माणसं होती. प्रसेनजीतनं सूचिपुस्तकाच्या शेवटच्या तपासणीसाठी म्हणून पृथ्वीराज खर्डेकरांना बोलावलं होतं. अण्णासोंना बाळासोंनी रिक्षात घालून आणलं होतं. टेबलावर खोटं 'गुऱ्हाळ' पालथं होतं.

दीपा उभी राहिली. वर्गात पुस्तकांची ओळख करून देताना तिचा आवाज जसा असायचा तसाच होता.

तिनं आधी सरस सांगितला. मग चिठ्ठी टेबलावर ठेवली. चिठ्ठीवर तिच्या वडिलांचं नाव होतं, आणि तिनं ती स्वतः ठेवली हे पाहून पृथ्वीराज किंचित सैल बसले. झालं तर मग, असं ते म्हणाले.

"नाही," दीपा म्हणाली. "आता चौकटीचं बघू."

बाळासोंनी चित्राच्या आतल्या चौकटीवरून अंगठा फिरवला. कडांना बारीक उतार होता, मातीतून पॅटर्न अलगद सुटावा म्हणून देतात तसा. चित्राच्या चौकटीला असा उतार कुणी देत नाही. ही माझीच, ते म्हणाले, लांब पट्टीवर केलेली.

संग्रहातल्या चौदा चित्रांच्या आतल्या चौकटी बाळासोंनीच केल्या होत्या, दीपानं पुढं सांगितलं. कधी एखादी मोडली की अप्पा पॅटर्न शॉपमध्ये जाऊन म्हणायचे, बाळू, एक चौकट कर. काल प्रसेनजीतनं त्या चौदाही मोजल्या. एकही सूतभर जास्त नाही. कारण चित्राचं काम आहे हे बाळूकाकांना माहीत असायचं, आणि ते खुंटीवरची साधी पट्टी घ्यायचे.

"ही एकच चौकट लांब पट्टीवर झाली. म्हणजे करणाऱ्याला ती चित्राची आहे हे सांगितलेलं नव्हतं. अप्पांना बाळूकाकांपासून ते लपवायचं काहीच कारण नव्हतं. गेस्टहाऊससाठी नक्कल हवी, असं म्हटलं असतं तरी काकांनी हसत करून दिली असती, आणि मापात. ज्याला हे नातं माहीत नव्हतं, त्यानं आराखडा पाठवला. बाहेरच्या फ्रेमवाल्याकडं गेला नाही, कारण शहरातला प्रत्येक फ्रेमवाला अप्पांना ओळखतो. नक्कल करायला अण्णासोंना निवडलं, कारण ते अप्पांशी बोलत नव्हते. तिजोरीतली किल्ली यात्रेच्या दिवसांत घेतली."

बाळासोंनी आराखडा उलगडून चिठ्ठीशेजारी ठेवला. झरोक्याची चौकट, चोवीस बाय छत्तीस, तातडीचं. खाली पृथ्वीराज खर्डेकरांची सही.

पृथ्वीराजांनी आराखडा जवळ ओढून सही पाहिली. मग त्यांनी चष्मा काढून पुसला. त्यांचा आवाज चढला नाही. ते म्हणाले की लहानपणी ते चित्र त्यांच्या खोलीत होतं, कारखान्यात नंतर गेलं. वडिलांनी सगळं द्यायचं ठरवलं तेव्हा मुलाला विचारलं नाही. मृत्युपत्र मोडता येत नव्हतं. चित्र पुण्याच्या घरी आहे, कुणाला विकलेलं नाही. मागच्या बाजूला कुणी बघेल असं वाटलं नव्हतं. "आणि खरं तर चित्र आमचंच होतं. यात चोरी कसली?"

"चित्र तुमचं असेल," दीपा म्हणाली. "नाव आमचं होतं."

 अण्णासो अधू नजरेनं पृथ्वीराजांच्या दिशेनं बघत होते. भूपालला ठाऊक झालं असतं तर त्यानं काय केलं असतं, ठाऊक आहे का, असं त्यांनी विचारलं, आणि स्वतःच उत्तर दिलं की त्यानं ते चित्र दादासाहेबांच्या पोराला वर्षातून एकदा बघायला घरी नेऊन दिलं असतं. सही घेऊन.

पृथ्वीराजांनी मान खाली घातली. प्रसेनजीतनं छापा पुढं ओढला, बेचाळिसाव्या क्रमांकाखालची ओळ लाल शाईनं खोडली आणि पेन त्यांच्यापुढं धरलं. त्यांनी शेजारी सही केली. मंगळवारी मूळ चित्र पुण्याहून यायचं ठरलं.

बाहेर आवारात ऊन चढलं होतं. प्रसेनजीत अण्णासोंचा हात धरून त्यांना रिक्षाकडं घेऊन गेला. दीपा आणि बाळासो फाटकाशी थांबले. बाळासोंचे डोळे भरून आले होते आणि ते खांद्यावरच्या टॉवेलनं पुनःपुन्हा तोंड पुसत होते, घाम आल्यासारखं.

"मला बी याक डाव वाटलं हुतं, पोरी," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू. भूपालला लई आवडायचं ते चित्र. म्हटलं, मोह पडला आसंल. साऱ्या कोल्हापूरला शंका आली. तुला तेवढी न्हाय आली. लेक असावी तर अशी."

दीपा काही न बोलता उभी राहिली असती तरी चाललं असतं. बाळासोंनी पाठीवर हात ठेवला असता, ती घरी गेली असती, आक्कानं दृष्ट काढली असती, आणि गावभर तेच सांगितलं गेलं असतं.

"मला आली होती, काका," ती म्हणाली.

बाळासोंचा टॉवेल थांबला.

"पहिल्या दिवशीच आली. त्या रविवारी सकाळी अप्पा जैन बस्तीत दर्शनाला गेले, तेव्हा मी त्यांची ट्रंक उघडली. चित्र आहे का बघायला. धोतरं होती, आईची एक साडी होती, माझी शाळेतली प्रगतिपुस्तकं होती. सगळं बाहेर काढून बघितलं आणि जसंच्या तसं घड्या घालून परत ठेवलं, त्यांना कळू नये म्हणून. ते परत आले, ट्रंकेजवळ गेले, टोपी आत ठेवली आणि खुर्चीत येऊन बसले. कळलं होतं का त्यांना, मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही, काका. मी तिथंच होते, आणि मी काहीच बोलले नाही."